ट्रॅम्पोलिन अडगळीत का? नाशिकच्या क्रीडा सभागृहांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील सार्वजनिक क्रीडा सभागृहांचा कारभार पाहणारे सर्व पदाधिकारी व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या शहरातील एका क्रीडा सभागृहात चालणारा ट्रॅम्पोलिनचा (चौकटीत स्प्रिंगांनी ताणलेल्या पटावर उसळ्या घेत हवेत कसरती करण्याच्या खेळाचा) सराव बंद करून संध्याकाळच्या वेळेत ते सभागृह प्रदर्शने व समारंभांसाठी भाड्याने देण्याचा निर्णय यंदा उन्हाळी सुट्टी संपता संपता घेण्यात आला. सभागृहाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार एका इमारतीबद्दल किंवा एका अधिकाऱ्याबद्दल नाही. या निर्णयामागची जी समजूत आहे ती मला शहरात इतरत्रही ऐकायला मिळते, आणि म्हणून तिला उत्तरही जाहीरपणेच द्यावे असे मला वाटले. निर्णयाची लेखी प्रत आम्हाला अद्याप मिळालेली नाही. तोंडी मात्र तीन कारणे सांगण्यात आली: हा लहान मुलांच्या करमणुकीचा प्रकार आहे, तो धोक्याचा आहे, आणि आपल्याकडे त्याला काही भवितव्य नाही.

मी नाशिकमधील एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. नोकरीची सगळी वर्षे मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सच्या मुलामुलींमध्ये गेली, आणि निवृत्तीनंतर या सभागृहातील ट्रॅम्पोलिनच्या प्रशिक्षकांना मी विनामोबदला मदत करीत होते: गादी सरकवणे, उडी मारणाऱ्या मुलावर नजर ठेवून उभे राहणे, पालकांशी बोलणे ही माझी कामे. सातपूर, सिडको, पंचवटी अशा भागांतून सिटीलिंकच्या बसने येणारी ही मुले. त्यांतली एक मुलगी (तिचे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात) पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत उतरेल अशी आम्हाला खात्री होती. आता तिच्या पालकांना सल्ला विचारायचा तर मी काय सांगावे, पुण्याला बिऱ्हाड हलवा?

ते साधन सध्या कुठे आहे हे आपल्यापैकी कोणी पाहिले नसेल तर सांगते. रंगमंचामागच्या बोळात ते घडी घालून भिंतीला टेकवले आहे आणि वर निळी ताडपत्री बांधली आहे. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. ताडपत्री उचलून पाहिले तेव्हा स्प्रिंगांच्या आकड्यांवर गंज चढलेला होता, आणि तो पाण्याबरोबर उतरून बेडच्या, म्हणजे ज्यावर उड्या मारतात त्या ताणलेल्या पटाच्या, पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्यांवर तांबूस ओघळ आले होते. ज्यांना हा किरकोळ डाग वाटेल त्यांनी ध्यानात घ्यावे की चारी बाजूंच्या स्प्रिंगा सारख्या ताणल्या गेल्या तरच उडी सरळ वर जाते. एका बाजूच्या स्प्रिंगा कमजोर झाल्या की खेळाडू तिरका फेकला जातो. म्हणजे उद्या निर्णय मागे घेतला तरी प्रत्येक स्प्रिंग तपासल्याशिवाय त्यावर मुलांना चढवता येणार नाही.

आता आपल्या पहिल्या कारणाकडे येते. हा करमणुकीचा प्रकार आहे हा समज जुना आहे, आणि तो कसा झाला हे समजून घेतले तर तो खोडणेही सोपे जाते. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील जॉर्ज निसेन या सोळा वर्षांच्या जिम्नॅस्टने १९३० साली सर्कशीत पाहिले की झोक्यावरचे कसरतपटू खेळ संपवताना खालच्या संरक्षक जाळीत उडी टाकतात आणि जाळी त्यांना पुन्हा वर उसळवते. ती उसळी संपूच नये, एकीतून दुसरी कसरत निघत राहावी, या ध्यासाने त्याने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये लोखंडी चौकटीवर कॅनव्हास ताणून पहिले साधन तयार केले. पुढे आयोवा विद्यापीठात त्याने आपले प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साथीने ते सुधारले आणि १९४२ मध्ये दोघांनी ट्रॅम्पोलिन तयार करणारी कंपनी काढली. निसेन स्वतः महाविद्यालयीन पातळीवर टंबलिंगचा (जमिनीवर सलग कोलांट्या मारण्याच्या प्रकाराचा) तीन वेळा राष्ट्रीय विजेता होता, हे विसरता कामा नये. साधनाचा जन्म जिम्नॅस्टच्या हातून, जिम्नॅस्टिक्ससाठी झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने आणि हवाई दलाने वैमानिकांच्या प्रशिक्षणात ट्रॅम्पोलिन आणले, कारण हवेत उलटेपालटे होत असताना आपले डोके कुठे आणि जमीन कुठे याचे भान राखण्याचा सराव जमिनीवर देणारे याहून सोपे साधन नव्हते. पुढे अंतराळवीरांच्या तयारीतही त्याचा उपयोग झाला. ज्या शहराच्या शेजारी ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे आणि गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, त्या शहरात तरी हे साधन पोरखेळ ठरू नये.

त्याच १९६४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ट्रॅम्पोलिनची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि या खेळाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन झाला. पहिले दोन्ही विजेते अमेरिकी होते: डॅन मिलमन आणि ज्यूडी विल्स. ज्यूडी विल्स हिने तर १९६८ पर्यंत सलग पाच वेळा विजेतेपद राखले. १९९९ मध्ये हा महासंघ आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघात विलीन झाला आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅम्पोलिन प्रथमच पदकांचा खेळ म्हणून खेळला गेला. रशियाचे अलेक्झांडर मोस्कालेन्को आणि इरिना कारावायेवा हे पहिले ऑलिम्पिक विजेते. ८६ वर्षांचे निसेन तेव्हा सिडनीत उपस्थित होते. २०१० मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी ते गेले, तोवर त्यांचे साधन तीन ऑलिम्पिक पाहून झाले होते.

करमणुकीचा शिक्का बसला त्याला काही अंशी निसेन यांची विक्रीची हौसही कारणीभूत आहे, हेही मान्य केले पाहिजे. १९६०च्या सुमारास त्यांनी न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये कांगारूबरोबर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारून छायाचित्रे काढून घेतली, आणि ती जगभर गाजली. पण जाहिरातीवरून एखादा खेळ जोखणे योग्य नाही. तो त्याच्या नियमांवरून जोखावा.

ते नियम थोडक्यात सांगते, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणाला ते ठाऊक असल्याचे मला चर्चेत जाणवले नाही. स्पर्धेच्या ट्रॅम्पोलिनचा बेड ४.२८ मीटर लांब आणि २.१४ मीटर रुंद असतो आणि त्याची चौकट जमिनीपासून सुमारे १.१५ मीटर उंच असते. खेळाडूने मध्ये न थांबता सलग दहा कसरती करायच्या आणि शेवटी दोन्ही पायांवर उतरून स्थिर उभे राहायचे. सॉमरसॉल्टच्या (हवेतील कोलांटीच्या) प्रत्येक चतुर्थांशासाठी आणि प्रत्येक अर्ध्या फिरकीसाठी काठिण्याचे ०.१ गुण मिळतात, आणि तीच कसरत पुन्हा केली तर तिचे काठिण्य मोजले जात नाही. पाय जुळलेले आहेत का, बोटे ताणलेली आहेत का, टक (गुडघे छातीशी घेऊन) किंवा पाइकमध्ये (पाय सरळ ठेवून कमरेत वाकून) शरीराचा आकार नेमका आहे का, यावर पंच गुण कापतात. सुरुवातीची बरीच वर्षे एवढ्यावरच निकाल लागत असे. २०११ पासून त्यात हवेतील वेळेचे गुण आले: दहा उड्यांत मिळून खेळाडू किती सेकंद हवेत राहिला हे यंत्राने मोजतात, आणि अव्वल पुरुष खेळाडूंत ही वेळ १७ सेकंदांच्या घरात जाते. मग २०१७ पासून बेडच्या मध्यापासून खेळाडू किती सरकला याचेही गुण धरू लागले. म्हणजे उंच जायचे, कठीण करायचे, देखणे करायचे आणि पुन्हा त्याच लाल फुलीवर उतरायचे, या चारही गोष्टी एकाच वेळी साधायच्या. ज्या खेळाची कसोटी साठ वर्षांत अशी घासूनपुसून नेमकी केली गेली, त्याला पोरखेळ म्हणण्याआधी एक संपूर्ण सराव बसून पाहावा, एवढी विनंती मी तेव्हाही केली होती. कोणी आले नाही.

दुसरे कारण धोक्याचे. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. ट्रॅम्पोलिनवर अपघात होतात. मानेला आणि पाठीच्या कण्याला इजा झाल्याची उदाहरणे या खेळाच्या इतिहासात आहेत. १९६०च्या आसपास अमेरिकेत मोकळ्या प्लॉटवर खड्डे खणून त्यांवर ट्रॅम्पोलिन ताणायचे आणि पैसे घेऊन कोणालाही उड्या मारू द्यायच्या, असे अड्डे गावोगाव निघाले. ना प्रशिक्षक, ना गाद्या, ना क्रम. जखमी होणारे वाढले आणि ते अड्डे जितक्या झपाट्याने निघाले तितक्याच झपाट्याने बंद पडले. १९७७ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने शाळांतील ट्रॅम्पोलिनवर बंदी घालावी अशी भूमिका घेतली. खटले आणि विम्याचे वाढते हप्ते यांच्या धास्तीने शाळा-महाविद्यालयांनी साधने कोठारात टाकली.

त्याचा परिणाम काय झाला? ज्या देशात हे साधन जन्मले, ज्या देशाने पहिले दोन्ही जागतिक विजेते दिले, त्या अमेरिकेला पॅरिस २०२४ पर्यंत ट्रॅम्पोलिनमध्ये ऑलिम्पिकचे एकही पदक मिळालेले नाही. घरामागच्या अंगणातले ट्रॅम्पोलिन मात्र तिथे लाखोंनी खपत राहिले आणि अपघातही तिथेच होत राहिले. त्याच अकादमीने २०१२ मध्ये जे निवेदन काढले त्यात म्हटले आहे की बहुतेक इजा एकाच वेळी अनेकजण उड्या मारत असताना होतात, आणि त्यांत सर्वांत लहान मुलाला सर्वाधिक धोका असतो. मोठ्याच्या उडीने ताणलेला बेड हलक्या मुलाला नको त्या क्षणी वर फेकतो, हे त्यामागचे साधे कारण आहे. म्हणजे प्रशिक्षकाच्या देखरेखीखालचा सराव बंद झाला आणि देखरेखीविना चालणारी उडवाउडवी शिल्लक राहिली. नाशिकमध्ये आपण हेच करायला निघालो आहोत. शहराबाहेरच्या फार्महाउसवर, वाढदिवसाच्या हॉलमध्ये, मॉलमधल्या खेळघरांत एकाच वेळी पाच-सहा मुले एका बेडवर सोडलेली मी पाहते. तिथे कोणी विचारणारे नाही, आणि जिथे एका वेळी एकच खेळाडू चढतो, चारी बाजूंना राखणारे उभे असतात, टोकांना जाड गाद्या असतात, तो सराव धोक्याच्या नावाखाली बंद झाला.

आमच्याकडे आलेल्या मुलाला पहिला धडा उडीचा मिळत नाही, थांबण्याचा मिळतो. बेडवर पाय टेकताक्षणी गुडघे वाकवून उसळी जिरवायची आणि जागच्या जागी उभे राहायचे. प्रशिक्षक मध्येच ‘थांब’ म्हणतात आणि ज्याला थांबता येत नाही त्याला उंच जाऊ देत नाहीत. मग सरळ उडी, टक, पाइक, बसून उतरणे, पाठीवर उतरणे असा क्रम. सातपूरच्या ज्या मुलीचा उल्लेख मी वर केला, तिला पहिली बॅक सॉल्टो (मागे मारायची कोलांटी) कमरेला पट्टा बांधून, दोन्ही बाजूंनी दोर धरून करायला दिली, तोवर ती चौकटीच्या कडेवर नजर रोखून सरळ उड्याच मारत होती. कंटाळली, एकदा रडलीही, पण प्रशिक्षकांनी घाई केली नाही. धोका असा क्रमाने, धीराने ताब्यात ठेवावा लागतो. सभागृहाला कुलूप घातल्याने तो नाहीसा होत नाही.

तिसरे कारण, भवितव्याचे, मला सर्वांत जास्त लागले. ऑलिम्पिकमधील ट्रॅम्पोलिनमध्ये आजवर एकही भारतीय उतरलेला नाही, हे खरे आहे. पण चीननेही हा खेळ गांभीर्याने हाती घेतला तो ऑलिम्पिक प्रवेशाच्या सुमारास, आणि २००८ मध्ये बीजिंगला लू चुनलाँग आणि हे वेन्ना यांनी दोन्ही सुवर्णपदके घेतली. त्यांचाच डाँग डाँग २००८ ते टोकियोपर्यंत चार ऑलिम्पिकमध्ये चार पदके घेऊन गेला. २०१२ मध्ये लंडनला स्पर्धा संपली तेव्हा कॅनडाच्या पदरात पडलेले एकमेव सुवर्ण रोझी मॅक्लेनन हिचे होते, तेही ट्रॅम्पोलिनचे. रिओमध्ये तिने ते राखले. ब्रिटनची ब्रायनी पेज रिओत रौप्य, टोकियोत कांस्य आणि पॅरिसमध्ये सुवर्ण अशी पदके मिळवत गेली, आणि कारकिर्दीत एकदा नेहमीच्या कसरतीच तिला हवेत करता येईनाशा झाल्या होत्या. त्यांतून ती पुन्हा पायरी पायरीने सावरली. पॅरिसला पुरुषांत १६ आणि महिलांत १६ खेळाडूच उतरले. इतक्या लहान मैदानात जागा मिळवणे कठीण आहे, हे मान्य. पण अगरतळ्याची दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओत जिम्नॅस्टिक्समधील व्हॉल्टच्या (धावत येऊन टेबलावरून उडी मारण्याच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत चौथी आली आणि तिचे कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले, तोपर्यंत भारतीय मुलीला जिम्नॅस्टिक्समध्ये भवितव्य आहे असे कोण म्हणत होते?

आणि हे नाशिकने विचारावे? सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून येऊन रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याने नाव वल्हवून १३वा आला. या दोघांच्या लहानपणी त्यांच्या गावात कोणी भवितव्याचा हिशेब मांडला असता तर तो शून्यच आला असता.

शिवाय आपल्याकडे या खेळाची जमीन तयार आहे. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, तो नाशिकच्या व्यायामशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जात आहे. मल्लखांबावर वाढलेल्या मुलाला उलटे झाल्यावर दिशा सुटत नाही, पोट आणि पाठ घट्ट धरता येते, पायाची बोटे आपोआप ताणली जातात. अशी मुले ट्रॅम्पोलिनवर आली की बाकीच्यांपेक्षा लवकर पुढे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मल्लखांबाकडे जग नुसती कसरत म्हणून पाहते तेव्हा आपल्याला वाईट वाटते. तोच न्याय दुसऱ्या खेळाला लावताना आपणही थोडे थांबायला हवे.

भाड्याच्या उत्पन्नाबद्दल फार लिहीत नाही. सभागृहाची देखभाल पैशाशिवाय होत नाही, हे मला कळते. पण खेळासाठी बांधलेल्या वास्तूत संध्याकाळी पाच ते आठ हीच मुलांची वेळ असते, आणि नेमकी तीच वेळ साड्यांच्या आणि फर्निचरच्या प्रदर्शनांना देणे मला पटत नाही. शिवाय या खेळाला छत उंच लागते. आठ मीटरपेक्षा कमी उंचीच्या छताखाली आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेता येत नाही. अशी उंची असलेली सभागृहे शहरात मोजकी आहेत. प्रदर्शन मंगल कार्यालयातही भरू शकते, ट्रॅम्पोलिन तिथे लावता येत नाही. आणि निर्णयापूर्वी प्रशिक्षकांना, पालकांना किंवा एकाही खेळाडूला विचारले गेले नाही, याची नोंद मी इथे स्पष्टपणे करते.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ट्रॅम्पोलिन त्या बोळातून ताबडतोब कोरड्या जागी हलवावे, जाणकाराकडून स्प्रिंगा, बेड आणि चौकट तपासून घ्यावी, खराब भाग बदलावेत आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सराव पुन्हा सुरू करावा. आठवड्यातील किमान चार संध्याकाळ या सरावासाठी राखीव असल्याचे वेळापत्रक सभागृहाच्या दारावर लावावे; बाकीच्या दिवशी सभागृह भाड्याने दिले तर माझी हरकत नाही.

सुरक्षेचे नियम लेखी करावेत: एका वेळी एकच खेळाडू, प्रशिक्षित व्यक्ती हजर असल्याशिवाय साधन उघडायचे नाही, राखणारे आणि गाद्या यांशिवाय सॉमरसॉल्ट नाही, प्रत्येक खेळाडूचा विमा, आणि दर महिन्याला साधनाची तपासणी व तिची वही. हे नियम मोडले गेले तर सराव थांबवण्याचा आपला अधिकार आम्ही मान्य करू. करमणुकीसाठी चालणाऱ्या ट्रॅम्पोलिनच्या जागांची नोंदणी आणि तपासणी हा वेगळा प्रश्न आहे, पण तोही हाती घ्यावा, कारण मुले तीच आहेत.

शहरात आणि तालुक्यांत यापुढे जी क्रीडा संकुले बांधली जातील त्यांतील किमान एका सभागृहाचे छत नकाशातच पुरेसे उंच ठेवावे. नंतर छत वाढवता येत नाही.

आणि शेवटची मागणी: सराव बंद करण्याच्या निर्णयाची प्रत, त्याची कारणे आणि तो घेणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त पालकांना लेखी द्यावे. आम्ही पंधरा दिवस वाट पाहू. त्यानंतर माहितीच्या अधिकारात रीतसर अर्ज करू आणि मुलांना घेऊन आपल्या कार्यालयात भेटीची वेळ मागू. चर्चेला बोलावलेत तर प्रशिक्षक, दोन पालक आणि मी, असे चौघे केव्हाही येण्यास तयार आहोत.

आपली विश्वासू,
शारीरिक शिक्षण विषयाची एक निवृत्त शिक्षिका,
नाशिक